पाणी कुठपर्यंत आलं होतं

मारुती चौकातल्या आमच्या ऑफिसात
मगदूमकाका बसले होते छत्री गुडघ्यांत धरून,
शेजारी सुलोचनाकाकू,
पर्समध्ये भडंगाची पुडी आणि मुलाने लिहून दिलेला कागद:
प्राग, चार रात्री.

मी प्राग पाहिलेलं नाही.
तरी डोळे मिटून सांगेन
चौकातल्या घड्याळापासून कुठलं हॉटेल किती पावलं,
कुठल्या जिन्याला कठडा नाही,
कुठल्या खोलीत किटली आहे
आणि कुठल्या खोलीत नुसतं तिचं चित्र.
अकरा वर्षं माणसं पाठवते आहे तिकडे,
हळदवाले, बेदाणेवाले, एक दातांचा डॉक्टर,
जो परत आला आणि म्हणाला, दगड फार आहेत.

हे बघा, पुलाच्या तोंडाशी. दर जास्त.
खिडकीतून पुलावरचे पुतळे दिसतात.
काका म्हणाले, रात्रभर ते आमच्याकडे बघणार का?
हे दुसरं, किल्ल्याखाली, चढावर.
काकूंनी गुडघ्यावर हात ठेवला,
गुडघ्याने काहीतरी सांगितलं असावं. नको, म्हणाल्या.
आणि तिथं अंथऊ कधी करायचं?

जूनमध्ये तिथला सूर्य नऊनंतर मावळतो, मी सांगितलं.
काकू कितीतरी वेळ गप्प,
मग जरा लाजून हसल्या.
जन्मात पहिल्यांदा सूर्याने त्यांना सवलत दिली होती.

मग काकांनी विचारलं ते,
जे अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं:
नदीला पाणी येतं का तिथं?

येतं. मी शोधलं. आलं होतं, ऑगस्टातच.
काकांनी खुर्ची पुढे ओढली.
आता घड्याळ नको, किल्ला नको,
किती फुटांवर? पुलाला लागलं का?
धरणातनं सोडलं की पावसाचं?
आधी कुणी सांगितलं, की रात्रीच घुसलं?

आमच्या भिंतीवर रंगाखालून
अजून वर येते एक रेघ.
युरोपचा नकाशा मी मुद्दाम तिथं लावलाय.
त्या वर्षी पाणी उतरल्यावर शटर उचललं
तर व्हेनिस व्हिएन्नाला चिकटलं होतं,
सोडवायला गेले, दोन्ही फाटली.
गावभागात काकांची पोती फुटलेली.
गल्लीभर पिवळं पाणी,
जणू कुणाचं तरी लग्न राहून गेलंय.

तिसरं हॉटेल नदीपासून दोन गल्ल्या आत.
त्यांना मी नेहमीचं लिहिलं:
दोन माणसं, शाकाहारी,
कांदा लसूण बटाटा चालणार नाही.
खाली एक ओळ वाढवली.
तुमच्याकडे पाणी कुठपर्यंत आलं होतं?

दुसऱ्या दिवशी उत्तर.
न्याहारीबद्दल अवाक्षर नाही.
टेबलाच्या वर. पियानो गेला.
आई वरच्या मजल्यावर होती.
खाली नाव, यार्मिला.

हेच करा, काका म्हणाले.

जूनच्या एका रात्री बारा वाजता फोन वाजला.
फोटो. घड्याळाचा नाही.
तिथं म्हणे दर तासाला सांगाडा दोरी ओढतो
आणि सगळा चौक हात वर करून उभा असतो.
हे दोघं पाच मिनिटं उशिरा पोचले,
पुढच्या तासापर्यंत थांबले नाहीत.

फोटोत गल्लीतली एक भिंत,
तिच्यावर पट्टी, पट्टीवर तारीख,
खाली मापाला उभी केलेली छत्री,
छत्रीच्या मुठीवर काकूंची वीत,
वितीवर आणखी एक वीत.
काकांनी लिहिलं होतं:
आपल्याकडे हातभर जास्त.

मी उठून नकाशाची एक कड उचलली,
परत सोडली.
उत्तरात काय लिहावं कळेना.
जेवलात का, विचारलं.
ऊन आहे अजून, काकूंनी लिहिलं.