छाट

रात्री सव्वादोनला अपडेट आला.
दीड जीबी. मोबाईल तव्यासारखा तापला.
एप्रिलात विडी घरकुलाच्या भिंतीही
दिवसभर प्यालेलं ऊन रात्रभर ओकत असतात.
पंखा मी मोबाईलकडे वळवला.
माझं काय, मी वाळतो.

काल झोपलो तेव्हा त्र्याण्णव लेव्हल होती.
शंभरला निळा घोडा.
साधा घोडा नव्हे बे,
पाण्यावरून पळणारा, टापांतून ठिणग्या उडवणारा.
अकरा महिने. टॉवेलच्या कारखान्यातून येऊन,
कानात माग अजून खडखडत असताना,
एका हातानं भाकरी, एका हातानं तलवार.

अपडेटनंतर लेव्हल अडतीस.
खाली बारीक अक्षरांत:
'आपला प्रवास अधिक आनंददायी व्हावा म्हणून
बक्षिसांची नवी मांडणी केली आहे.'
घोडा आता दोनशे चाळीसला.
शंभरला टोपी.
साठवलेल्या सहा हजार नाण्यांच्या सहाशे मोहरा झाल्या;
मोहरेला काय मिळतं, ते लिहिलेलं नाही.

मुजम्मिलनं तीन वाजता फोन केला,
नुसता शिव्या देत राहिला, मी हं हं करत राहिलो.
हत्तुरेनं घोड्याचं नाव आधीच ठेवलं होतं,
विचारलं तरी कधी सांगायचा नाही.
आज म्हणाला, 'सुलोचना.
घोडी होती ती.'

पाच दिवसांनी पहाटे नळाला पाणी आलं.
अम्मानं घागरी लावल्या, माझ्याकडं बघितलं.
'एमैंदिरा?'
लेव्हल म्हणजे काय ते तिला कसं सांगू?
म्हटलं, शंभराला जे मिळायचं ते आता दोनशे चाळीसला.
'आणि आधीचं केलेलं?'
'धरलंय. पण कमी धरलंय.'
तिनं पानावर कात्री चालवता चालवता
शेजारणीचं नाव घ्यावं तसं म्हटलं,
'म्हणजे छाट.'

हजार विड्या घेऊन ती जाते,
चेकर सुपात हात घालतो:
ही सैल, ही आखूड, ही उगाच.
मूठभर बाजूला.
त्या परत मिळत नाहीत, हिशेबातही येत नाहीत.
पानं हल्ली कमी देतात, हजार मात्र हजारच;
उरलेली पानं पदरच्या पैशानं.

'मग तुम्ही काय केलं?'
'एक स्टार दिला.'
'कुणाला?'
'त्यांनाच.'
अशी हसली की हातातलं पान उलगडलं.
'आम्ही गेटवर बसलो होतो. नऊ दिवस. उन्हात.'
'मग?'
'मग काय, महिनाभर मूठ जरा लहान झाली.'

त्या रात्री आम्ही चौघं मैदानात उतरलो
आणि पुलावर नुसते उभे राहिलो.
तलवारी म्यानात.
अकरा सेकंदांत मेलो.
परत उतरलो, परत उभे.
तिसऱ्या वेळी समोरच्यांतला एकजण थांबला.
नाव कुठल्या तरी लिपीत, मला वाचता येईना.
त्यानं तलवार खाली केली,
येऊन आमच्या ओळीत, हत्तुरेच्या शेजारी उभा राहिला.
त्याच्याच लोकांनी त्याला पहिला मारला.
'पराभव. बक्षीस: आठ मोहरा.'

उघडायचं नाही असं ठरलं होतं.
सकाळी बोट आपसूक तिकडं गेलं.
हजेरीच्या तीन मोहरा घेतल्या.
मुजम्मिलही ऑनलाइन दिसत होता.
दोघंही काही बोललो नाही.

अम्मा दोरा गुंडाळून कट्टे बांधत होती,
पंचवीस-पंचवीसचे चाळीस,
आणि शेजारी एक छोटा ढीग, न मोजलेला,
चेकरच्या मुठीसाठी.
मान वर न करता विचारलं,
'घोडा कुठवर आला रे?'
'निघालाय म्हणतात,' मी म्हटलं,
'अजून हिप्परग्यालाच आहे.'