दस्तगीर बारगीर क्लब विकत घेतो

क्लब विकत घेता येतो
हे आम्हाला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.
म्हैस घेता येते, प्लॉट घेता येतो,
पण जंक्शन स्पोर्टिंग?
त्यात विकण्यासारखं होतं तरी काय –
चौदा हॉकी स्टिका, पाच तारेनं बांधलेल्या,
गोलची एक जाळी, दुसरी उंदरांनी खाल्लेली,
कपांनी भरलेली पत्र्याची ट्रंक
आणि कोरे टेलरची अकरा हजारांची उधारी.

दस्तगीरनं उधारीपासून सुरुवात केली.
नोटा मोजून मी ट्रंकेत ठेवल्या.
बर्फवाल्याच्या नोटा जरा गारच लागतात हाताला.

हा तोच, डाव्या अंगाचा दस्तगीर.
मिरजेत रेल्वे कॉलनीच्या मैदानावर
चुन्याच्या रेषेला इतका चिकटून पळायचा
की आई विचारायची,
एकच पाय पांढरा कसा रे तुझा?
एकोणिसाव्या वर्षी हुबळीला गेला, रेल्वेच्या टीमकडून,
तिथून सिकंदराबाद.
तीन हंगाम पेपरात नाव. तेही 'बारगिर', ऱ्हस्व.
चौथ्या हंगामात गुडघा गेला.
कुठं गेला विचारलं की म्हणायचा,
"गुंतकलला चहाला उतरला, गाडी चुकली त्याची."

परत आला तेव्हा
आपल्याच क्लबनं त्याला यादीतून काढलं होतं.
तोंडानं कुणी सांगितलं नाही.
पानपट्टीशेजारच्या फळ्यावर
त्यानं यादी वरून खाली वाचली,
मग खालून वर,
आणि तसाच चालत बर्फाच्या कारखान्यात जाऊन
काम आहे का विचारलं.

लाद्या ओढायला गुडघा लागत नाही, खांदे लागतात.
भुसा, गोणपाट, पहाटेचे टेम्पो.
मासळीबाजार, रसवंत्या,
लग्नसराईत मठ्ठ्याची पातेली,
आणि कधी रात्री-अपरात्री एखादं घर,
जिथं थोरला पुण्याहून यायचा बाकी असे.
त्या लादीचे पैसे त्यानं कधी घेतले नाहीत.
बावीस वर्षांत हमालाचा भागीदार झाला,
भागीदाराचा मालक.

क्लबचा मालक झाला तेव्हा आम्ही खुर्ची आणली, हार आणला.
हार त्यानं गोलच्या खांबाला घातला.
खुर्चीवर बसला नाही, "वाकत नाही ओ" म्हणाला
आणि मॅच संपेपर्यंत जाळीमागं उभा राहिला.
मॅचच्या दिवशी सकाळी
चाळीस लाद्या मैदानभर मांडून ठेवी.
दुपारपर्यंत विरघळून धूळ बसायची.
बेळगावची टीम बघून हसली,
हाफटाइमला एक लादी उरली होती
तिच्यावर त्यांचाच कॅप्टन गुडघा टेकून बसला.

हिशेब मी लिहितो, म्हणून सांगतो,
क्लबनं त्याला एक रुपया दिलेला नाही.
उलट डिझेल, बूट, दोन पोरांची दहावीची फी.

तिसऱ्या वर्षी प्रश्न आला भरतेश चौगुलेचा.
चौतीस वय, फुलबॅक, वळायला आता बैलगाडीएवढी जागा लागायची.
सगळ्यांना दिसत होतं.
मी त्याच्या नावाशिवाय यादी लिहिली,
दस्तगीरपुढं सहीला धरली.
त्यानं वाचली. वरून खाली.
मग घडी घालून खिशात ठेवली.
"उद्या," म्हणाला.

रात्री सायकलच्या कॅरिअरला अर्धी लादी बांधून
तो भरतेशच्या घरी गेला.
काय बोलला ते भरतेश अजून सांगत नाही.
त्याची बायको सांगते:
दोघं पायरीवर बसले होते,
मधे लादी, लादीवर दोघांची पावलं,
आणि पाणी अंगणातून गटारीकडं चाललेलं
दीड तास.

सकाळी यादी फळ्यावर लागली.
खिसा ओला झालेला. शाई अशी पसरलेली
की अकरांपैकी कुणालाच आपलं नाव सापडेना.
एकेक पोरगं कारखान्यात येऊन विचारू लागलं,
दस्तूभाई, मी आहे का?
तो हातातला आकडा खाली ठेवायचा,
गोणपाटाला हात पुसायचा,
आणि ज्याला त्याला, नाव घेऊन,
तोंडानं सांगायचा.