हातचा एक

बावीस वर्षं या काउंटरमागे.
त्रिएस्तच्या स्टेशनपासून चार मिनिटं,
बोरा वारा सुटला असेल तर अकरा.
लोक चाकांच्या बॅगा ओढत येतात
आणि चावी घ्यायच्या आधी विचारतात,
जेवायला चांगलं कुठे मिळेल?

मी नकाशाचा कागद फाडतो,
निळ्या पेनाने गोल काढतो.
धक्क्यावर मासे. सार्डिन घ्या,
लॉब्स्टर नको, तो तुमच्यासारखाच
लांबून आलाय आणि दमलाय.
कालव्यापाशी उकडलेलं डुकराचं मांस,
उभ्याउभ्या खायचं,
वर किसलेलं हॉर्सरॅडिश,
नाकात जाईल, जाऊ द्या.
कॉफी हवी तर नुसतं ‘नेरो’ म्हणा,
कॉफी म्हणालात की कळेल, परके आहात.
दारात उभं राहून कुणी आत बोलावत असेल
तर चालत राहा.
मेन्यूवर फोटो असतील
तर जरा भरभर चाला.

रविवारी वर, कार्स्टच्या पठारावर.
रस्त्याकडेला आयव्हीची फांदी टांगलेली दिसेल,
ती जिकडे नेईल तिकडे जायचं.
घरची वाइन, घरचं हॅम, उकडलेली अंडी,
बाकावर शेजारी कोण बसेल ते आपल्या हातात नाही.
फांदी उतरली
की ते पुन्हा नुसतं कुणाचं तरी अंगण.

एवढं सगळं सांगतो, हात आखडत नाही.
फक्त बेरीज करताना
हातचा एक ठेवतो.

निवेसचं दुकान. पाटी नाही.
चार टेबलं, त्यातलं एक डुगडुगतं,
ते माझं.
मंगळवारी योता: राजमा, आंबवलेला कोबी, बटाटा,
रंग तपकिरी, रूप असं काही नाहीच.
निवेस विचारत नाही, आणून ठेवते.
तो अर्धा तास मी
कुणाचाच रिसेप्शनिस्ट नसतो,
कुणाचाच नवरा नसतो.
बायकोला हे माहीत नाही.
म्हणजे असेलही,
पण तिनेही ते पोटातच ठेवलंय.

नोव्हेंबरात ग्रात्सहून पिर्कर बाई आल्या,
आमची लिफ्ट तपासायला.
तिसऱ्या मजल्याशी ती उसासा टाकते,
का, ते कुणालाच सापडत नव्हतं.
सोमवारी संध्याकाळी त्या काउंटरशी उभ्या राहिल्या,
हाताला ग्रीस, केसांत जळमट.
मी नकाशा पुढे सरकवला.
त्यांनी तो न बघताच खिशात कोंबला.
म्हणाल्या, हे गोल राहू देत.
घरी भांडण झालं
की तुम्ही कुठे जेवता, लिव्हियो?

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
जिभेला हाड नसतं म्हणतात.
टायरच्या गॅरेजामागे, मी म्हणालो, हिरवं दार.
ढकलायचं नाही,
किंचित उचलून ओढायचं.

त्या रात्री झोप नाही.
ही ग्रात्सला सांगणार, ग्रात्स लिंट्सला,
उन्हाळ्यापर्यंत निवेसच्या काचेवर
चार भाषांतला मेन्यू,
आणि योताचा फोटो,
ज्याला रूप नाही त्याचा.

दुसऱ्या दिवशी दार उचललं, ओढलं.
माझ्या टेबलाशी पिर्कर बाई.
समोर काठोकाठ भरलेली वाडगी
आणि एक थेंब सांडलेला नाही.
मी वाकून पाहिलं.
आखूड पायाखाली
चार घड्यांचा कागद,
कडेला निळ्या शाईची जराशी कोर.

बाई सरकून बसल्या.
कोट आणि टाय नसताना
मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही.
इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या,
इथे योता घ्या.
आणि कुणाला सांगत बसू नका.

मी खुर्ची ओढली.
विचारलं,
कसा असतो?