सातव्या लेव्हलबद्दल

गुरुवारी नऊ जण आले, खेळून बघायला.
ताम्पेरेत नोव्हेंबर म्हणजे चारलाच काळोख,
दाराशी बुटांचे जोड, त्यांतून गळणारं पाणी,
आणि मोज्यांनी वावरणारी अनोळखी माणसं.
मी प्रत्येकाला कागद दिला, पेन्सिल दिली:
काय आवडलं, कुठे अडलात, पाचपैकी किती तारे.

खेळ साधा आहे. म्हणजे मला साधा वाटायचा.
पट्टे जोडायचे, यांत्रिक हात बसवायचे,
काच इकडून, तार तिकडून,
नव्वद सेकंदांत दिवा तयार होऊन
पलीकडच्या खोक्यात पडला पाहिजे.
पडला, की पुढचा.

याल्मारी म्हणाला, पट्टा फार पळतो,
नजर पोचेस्तोवर काच फुटलेली असते.
पिरिता म्हणाली, पळतो कुठला, रांगतो,
मी जांभया देत सोडवलं.
एकाने लिहिलं, चुकून बसवलेला हात उचलता येत नाही.
एकाने लिहिलं, संगीत. बंद. कसं.
बारा वर्षांच्या एलियेलने काहीच लिहिलं नाही,
स्वतःलाच माल पुरवणारा एक गोल पट्टा काढला
आणि खाली: हे का चालत नाही?
(चालायला हवं होतं. चूक माझी होती.)

तुओवी रांतासालो लायब्ररीतली चिठ्ठी वाचून आलेली.
वय एक्क्याऐंशी, चष्मा दोरीला, पाठ ताठ.
कोट काढता काढता म्हणाली,
तुमचं कॉफीचं मशीन आहे ना, तिथे माझ्या चात्या होत्या,
एकतीस वर्षं.
सातव्या लेव्हलला ती पन्नास मिनिटं बसली.
बाकीचे पिझ्झाकडे गेले.
तिने माउसला हातही लावला नाही.
वेळ संपला. वेळ संपला. वेळ संपला.
पडदा लाल होई आणि ती पुन्हा पहिल्यापासून बघे,
दूध उतू जाईल म्हणून बघावं तशी.

मी जवळ गेलो. मदत हवी का?
तिने विचारलं, थांबवायची दोरी कुठे आहे?
म्हटलं, स्पेस दाबा, खेळ थांबतो.
ते तुझ्या-माझ्यासाठी झालं, ती म्हणाली,
मी यांचं विचारतेय,
आणि पडद्यावरच्या इवल्याशा हातांवर बोट ठेवलं.
आमच्या रांगेवरून एक दोरी जायची.
कुणीही ओढावी. सूत अडकलं की, बाही अडकली की.
मुकादम ओरडायचा. पण ओढलेली दोरी
तो परत सरळ करू शकत नसे.
बोलताना तिचा दुसरा हात
उगाच केसांपाशी गेला आणि खाली आला.

त्या रात्री मी दोरी केली.
ओढली की सगळं चार सेकंद गप्प,
घड्याळ मात्र चालू.
पुढच्या गुरुवारचे कागद:
दोरी निरुपयोगी, वेळ खाते.
दोरी झकास, पण घड्याळही थांबवा ना.
कसली दोरी?
एलियेलने एका डावात ती अकरा वेळा ओढली,
आणि एकसष्ट सेकंदांत दिवा खोक्यात.
कसं, ते त्याला सांगता येईना. मलाही कळेना.

तुओवी आली नाही. रस्ते निसरडे होते.
तिचा पहिला कागद अजून माझ्या टेबलावर आहे,
ताऱ्यांची जागा कोरी.
कुठे अडलात, याच्यापुढे तिरकं अक्षर:
अडले नाही. बघत होते.
आणि मागच्या बाजूला, पेन्सिल दाबून:
आवाज चुकीचा आहे.
सूत आधी वेगळं वाजतं, मग तुटतं.

आता साडेदहा वाजलेत.
खाली धबधब्याचं पाणी गिरणीच्या भिंतीला घासून चाललंय.
मी पडदा विझवलाय, कानाला हेडफोन,
सातवी लेव्हल अंधारात धावतेय,
आणि मी शोधतोय ती एक जागा,
काच फुटायच्या दीड सेकंद आधीची,
जिथे काहीतरी वेगळं वाजायला हवं.

अजून सगळं एकसारखंच वाजतंय.