शेकड्याचा आकडा

उभी हिरवी रेघ
दिवाळीनंतर आली, गेली नाही.
बरोबर शेकड्याच्या आकड्यावर.
तीन की आठ, मी अंदाजानं वाचते
आणि चिठ्ठीवर तसंच उतरवते.

शेठ म्हणतात, नवा घ्या, साडेसहा हजार.
जुन्याची पुस्तकी किंमत
एक रुपया.
दरसाल घसारा लावत लावत
मीच आणलाय त्याला इथवर.

इलाहीभाई मिरजेहून आले, लुनावरून,
यार्डाच्या मागच्या फाटकानं.
झाकण काढलं तर आत
सांगलीचे अकरा सीझन साचलेले:
राजापुरी, सेलम, नुसती पिवळी भुकटी.
"बाई, हा शिंकला कसा नाही हो एवढी वर्षं?"

ब्रश. फुंकर. मग खिशातून
शाळकरी पोराचा निघावा तसा
अर्धा झिजलेला खोडरबर.
त्यानं पट्टीची टोकं घासत बसले,
जीभ दातात धरून.
"तीनशे द्या. चालला तर चालला.
पुन्हा रेघ आली तर मला बोलवू नका,
नवाच घ्या."

दिवा लागला. रेघ नाही.
पडदा इतका मोकळा की
परक्या घरी येऊन बसल्यासारखं झालं.

आणि मार्चच्या पानावर
बाबगोंडा मगदूम, दुधगाव,
नावापुढं स्वच्छ, ठळक आठ.
मी तीन दिले होते.

काय ठरलं मग, शेठ विचारतात,
ठेवायचा की बदलायचा?

थांबा, म्हटलं,
आधी दुधगावला फोन लावते.
पाचशे निघतात त्यांचे.