अर्धा आटा

बाबा महापालिकेत चावीवाले होते.
पहाटे चारला खांद्यावर लोखंडी चावी,
चुनाभट्टीच्या गल्ल्यांतली झाकणं उचलायची
आणि खालच्या अंधारात मोजत फिरवायचं:
सुतारगल्लीला सतरा आटे, टेकडीला बावीस,
शाळेमागच्या गंजक्या व्हॉल्व्हला अकराच,
बाराव्याला तो रडतो.
लवू पालवांनी चावी फिरवली की
तीनशे घरांत हंडे वाजायला लागत.

तेच हात आता साखरेनं बधिर केलेत.
पाय तर त्याआधीच.
चप्पल मागे राहते, हे पुढे चालत असतात.

नव्या इमारतीत, सातव्या मजल्यावर
भावानं पंधरा लिटरचा गीझर बसवून दिला.
लाल दिवा गेला की पाणी तयार,
एवढंच आम्हाला ठाऊक.
किती तयार, ते कोणी विचारलंच नाही.

मंगळवारी गार नळ उघडायचा राहिला.
जन्मभर दुसऱ्यांचे नळ उघडणाऱ्या माणसाचा.
दाराखालून वाफ आली म्हणून आत गेले
तर क्षणभर वाटलं, आंघोळीला मोजे कशाला घातलेत यांनी,
लाल, घोट्यापर्यंत.
स्टुलावर बसून निवांत पाठ चोळत होते.
"काय गो? तुला घाई आहे का?"

गार नळाखाली पाय धरले.
नऊला पाच कमी होती.
नऊला वॉचमन टाकीचा व्हॉल्व्ह बंद करतो.

गवाणकरबाई टूथपेस्ट घेऊन धावल्या,
जिन्यातून कोणी ओरडलं, बर्फ, बर्फ लावा.
फोनवर डॉक्टर शांतपणे सांगत होते:
साधं गार पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून.
दुसरं काहीही लावायचं नाही.
नळानं एक उचकी दिली आणि तो थांबला.
मग पिंप. मग मी आणि प्लास्टिकचा मग.
एक, दोन, एकोणीस, चाळीस,
दोन दिवसांचं पाणी मोरीतून जाताना बघत.
बाबा माझा हात धरायला लागले.
पाय दुखत नव्हता. त्यांना दुखत होतं ते पाणी.
"फुकट नको घालवू गो. उद्या येईल न येईल."

शीवच्या इस्पितळात पट्टी बांधताना
सिस्टर म्हणाल्या, साठ अंशांच्या पाण्याला
पाचेक सेकंद पुरतात.
पन्नासच्या पाण्याला पाचेक मिनिटं.
म्हाताऱ्या कातडीला दोन्ही वेळा कमीच धरायच्या,
पोरांच्याही.
शेजारच्या खाटेवर एक पोर होतं, बादलीत बसलेलं.
मी तिकडे पाहिलं नाही.

फैयाज आला. मेन स्विच खाली, मग झाकण.
आत नाण्याएवढी चकती, मधोमध खाच.
"पंच्याहत्तरवर आहे ताई. कंपनीतून आला तसाच.
कोणी हातच लावला नाही."

दाराशी खुर्चीत, पट्टीचा पाय पाटावर ठेवून बाबा.
"किती आटे?"
फैयाजनं माझ्याकडे बघितलं.
"अर्धासुद्धा नाही, चाचा."
"अर्धा?"
त्यांना ते कमी वाटलं. अपमान झाल्यासारखं.
मग म्हणाले, "हळू घे. झटक्यात फिरवलास
तर पाईप आतून हाणतो."
इथे कुठला पाईप नव्हता.
तरी फैयाजनं हळूच फिरवला.
पन्नास.

आता आधी गार, मग गरम, मग माझं कोपर.
तळहाताला मी विचारत नाही,
तो तव्याशी बोलून निबर झालाय.
कोपर बादलीत बुडवून मी थोडी थांबते.
"आलं का?" बाबा विचारतात,
गल्लीतल्या बायका त्यांना विचारायच्या तसं.
"आलं. कोमट आहे."

आणि ते पाय सोडतात पाण्यात,
पाण्याकडे नाही,
माझ्या तोंडाकडे बघत.