गाठ

बोरामणीच्या शिवारात इरप्पानं हरभरा उपटला
आणि मुळं माझ्या तोंडासमोर झटकली.
"गाठी कुठंयत, बाई?
तुमचं पाकीट नुसती राख."

पाकीट मीच दिलेलं. काळी भुकटी, वर तारीख.
गुळाचं पाणी गार होऊ द्या,
बियाला चोळा, साल निघू देऊ नका,
सावलीत वाळवा.
दर ऑक्टोबरात हे बोलते मी
सोलापूरच्या माती-तपासणीच्या खिडकीतून,
आतून पंख्याचा आवाज, बाहेरून रिक्षांचा.

खुरपं मागितलं.
चहूबाजूंनी खणून ढेकूळ उचललं,
बादलीत बुडवलं,
आणि माती सुटेपर्यंत गप्प बसलो तिघं.
काशव्वा मधेच पाणी ढवळायची, पोरगं न्हाऊ घालावं तशी.

मग दिसल्या.
ओढताना मातीतच राहून जाणाऱ्या.
साबुदाण्याएवढ्या, काही जोडीनं चिकटलेल्या.
नखानं एक चिरली. आत गुलाबी.
"अय्य, रगत?"
रक्ताचंच भावंड, म्हटलं.
प्राणवायू धरून ठेवतं, मोजून सोडतं,
आतल्या कामाला तो फार सोसत नाही.

कसलं काम, हे सांगताना
मला आमचे नाना आठवले,
यंत्रमागावर तुटका धागा दोन बोटांत गाठणारे.
हवेत पाचांतले जवळजवळ चार वाटे नत्र,
इरप्पा, तुझ्या नाकातून जातं आणि तसंच परत येतं.
जोडीजोडीनं फिरतं, प्रत्येक जोडीला तीन पीळ.
ते सोडवायला कारखान्याला भट्टी लागते.
इथं थंडीच्या मातीत
डोळ्यांना न दिसणारे हे
पानानं धाडलेल्या साखरेवर
तेच काम करतात, रात्रपाळीसुद्धा.

"मग वरनं युरिया टाकू का थोडा?"
जास्त दिलास तर आळसावतील.
काशव्वा हसली. "घरात एक हाय तसला."
इरप्पानं ऐकलंच नाही,
तो दुसरी गाठ चिरत होता.
ती आतून हिरवट निघाली.
ही दमली, म्हटलं. असतात अशाही.

काढणीला उपटू नकोस, विळ्यानं काप,
मुळं राहू दे, पुढं शाळू घेशील त्याला.
बघू, म्हणाला.

सातच्या एसटीनं घरी.
ताटात पिठलं, कडक भाकरी, शेंगाचटणी.
हात दोनदा धुतले तरी
अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ.
तशीच जेवले.